जॅक ब्रूसच्या मागे : आठवडा ११

क्रीम या ब्रिटिश रॉक बँडचा बासगिटारवादक आणि गायक जॅक ब्रूस, त्याचं वादन शिकतोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, क्रीमच्या ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’चा रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) बासवर बसला म्हणून. शब्द मागे घेतो. मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टिकटिकणारं लययंत्र) लावला आणि पितळ उघडं पडलं.

ज्यांनी अजून हात घातला नाही त्यांच्यासाठी रिफ सांगतो. बासच्या ‘जी’ तारेवर सातव्या फ्रेटला (म्हणजे घराला) डी, डी, मग पाचव्यावर सी, परत डी. डी तारेवर सातव्यापासून एकेक घर खाली : ए, ए-फ्लॅट, जी. मग ए तारेवर पाचव्याचा खालचा डी, आठव्यावर एफ, आणि पुन्हा डी. शनिवारी हेच घोटत बसलो होतो, तर आईने पोळ्या लाटता लाटता स्वर लावले. “सा सा नि सा, प... अरे, दोन्ही मध्यम लागोपाठ? पंचम नसता तर राग ललित म्हटलं असतं.” नि आणि ग कोमल आहेत हेही तिनेच सांगितलं. तीव्र म वरून शुद्ध म वर घसरताना मी घाई करतो, हे तिच्यामुळे कळलं. तिथेच लय पळत होती.

दुसरी चूक तालाची. सवयीने मेट्रोनोमचा क्लिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरत होतो. क्रीमचा ड्रमर जिंजर बेकर या गाण्यात वजन टाकतो पहिल्या-तिसऱ्यावर. क्लिक तिकडे हलवला आणि रिफ एकदम जड झाला, जमिनीला चिकटला. सध्या मिनिटाला ८५ मात्रांवर स्वच्छ येतोय, मूळ गाणं साधारण ११५ ला आहे.

हा रिफ ब्रूसला सुचला तो जानेवारी १९६७ मध्ये, लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर. पण माणूस मुळात चेलोवाला. जन्म १९४३ चा, ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचा. ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो आणि संगीतरचना शिकत होता, खर्चासाठी जॅझ वाजवायचा. अकादमीला ते खपेना, म्हणून यानेच अकादमी सोडली. हे वाचल्यापासून मी त्याचा बास वेगळा ऐकतो. मूळ स्वर धरून गप्प बसणं त्याला जमतच नाही, खाली स्वतंत्र गाणं चालू असतं. बेकरची नेमकी हीच तक्रार, की हा फार वाजवतो. ग्रॅहम बाँडच्या बँडमधून बेकरनेच त्याला काढलं. आणि १९६६ मध्ये दोघे पुन्हा एकत्र, गिटारवादक एरिक क्लॅप्टनला घेऊन, क्रीममध्ये! अशी सोयरीक अडीच वर्षं टिकली हेच पुष्कळ. पुढे १९७० मध्ये तो ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ या बँडमध्ये गेला, तिथे गिटारला जॉन मॅक्लॉफ्लिन. हाच मॅक्लॉफ्लिन नंतर आपल्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये बसला.

थोडं वाद्याबद्दल. क्रीममध्ये त्याच्या गळ्यात असायचा गिब्सन ईबी-३, साडेतीस इंची स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा). माझा ३४ इंची. पाचव्यावरून आठव्यावर जाताना माझी करंगळी रडते, त्याचं अर्धं खापर मी या साडेतीन इंचांवर फोडतो. उरलेलं अर्धं आळसावर. तर्जनीच्या टोकाला फोड आलाय, दोन दिवस चिकटपट्टी लावून वाजवलं. आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो, नका करू.

आता खरी भानगड. हा गडी रिफ वाजवत वाजवत गातो. काल करून पाहिलं. पहिली ओळ तोंडातून बाहेर पडली आणि बोटं एफ वर थिजली. चार वेळा, त्याच जागी. मग शब्द सोडून दिले आणि नुसता सा धरून आकार लावला, तर ७० वर दोन आवर्तनं निभली. आई म्हणाली, “आता आकार हलव थोडा, सा-नि-सा एवढाच.” तेवढ्यात पुन्हा बोटं अडकली.

या आठवड्यात वेग वाढवणार नाही. ७० वरच, सा-नि-सा गात, रोज वीस मिनिटं. क्रीमच्याच ‘व्हाइट रूम’ गाण्याची पाच मात्रांची सुरुवात खुणावतेय, पण तिला तूर्त थांबावं लागेल.