चौघांचं घर

“एफडीवर नॉमिनी म्हणून माझंच नाव आहे, मॅडम. म्हणजे ते पैसे कायद्याने माझेच ना?”

असं विचारणारा माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगते. त्याचा मोठा भाऊ ऐन चाळिशीत झोपेतच गेला होता. मागे बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी आई. वडील आधीच गेलेले. सून, सासू आणि दीर असे तिघंही माझ्या वकिलीच्या टेबलासमोर बसले होते. एकत्र आले यातच निम्मं काम झालं. वारसाच्या कामात एरवी एकेक जण दुसऱ्याला न कळवता येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

फाइल गेलेल्या माणसानेच लावलेली होती. कर्जाच्या हप्त्यांचे कागद तारखेवार, प्रत्येक कप्प्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: ‘घर’, ‘बँक’, ‘पीएफ’, ‘मुलांच्या फिया’. गाडीची हरवलेली किल्ली कुठल्या दुकानातून बनवून घेतली, त्याचीही पावती जपलेली. मृत्युपत्र मात्र कुठेच नाही.

दिराला सांगितलं, नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते तो. तो पैसे घेतो, पण वारसांच्या वतीने. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ साली सांगितलं, बँकेतल्या ठेवींबद्दल २०१० मध्ये आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये. आता तर बँकेत चार नॉमिनी लावता येतात, पण चार लावले तरी चौघेही पैसे पोचवणारेच.

“आणि तुम्ही वारस नाही आहात,” मी म्हटलं. हे वाक्य गुळमुळीत बोलून चालत नाही. “आई, बायको, मुलं हयात असताना भावाचा नंबरच लागत नाही.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “दादा म्हणायचा, ते तुझ्या धंद्यासाठी ठेवलंय.”

मला ते खरंच वाटलं. पण तोंडी बोलण्याने ठेव कुणाच्या नावावर होत नाही. मृत्युपत्रात तशा दोन ओळी असत्या तर ते पैसे त्याचेच झाले असते.

पीएफच्या फॉर्मवरही भावाचंच नाव होतं, लग्नाआधी भरलेलं. तिथे नियम वेगळा आहे: लग्न होऊन कुटुंब झालं की आधीचं असलं नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. बँकेत तसं काही होत नाही. तिथे जुनं नाव कुणी बदलेपर्यंत तसंच राहतं.

मग सुनेने ‘घर’चा कप्पा पुढे सरकवला. एकटीच्या पगारात हप्ते झेपणार नव्हते. फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरलेल्या पैशात लहान जागा घ्यायची, असा तिचा हिशेब. गिऱ्हाईकही ठरलं होतं. “घर तर माझ्याच नावावर होईल ना आता?”

करारनाम्यावर नाव नवऱ्याचं, एकट्याचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. म्हणजे त्या फ्लॅटचे चार भाग: सुनेचा एक, दोन मुलांचे दोन, सासूबाईंचा एक.

“आईंचा?” सून चटकन म्हणाली, आणि लगेच ओशाळली. खरं तर ओशाळण्यासारखं काही नव्हतं. बहुतेक बायकांना हे माझ्याच टेबलासमोर पहिल्यांदा कळतं.

सासूबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. “मला नको माझा हिस्सा. कुठे सही करायची?”

दीर म्हणाला, “हक्कसोडपत्र करून टाकू, विषय संपला.” मी कागद पुढे केला नाही. एक तर विषय संपत नव्हता. निम्मं घर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचं होतं, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार सख्ख्या आईलाही मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी मिळते, पण मुलाची गरज किंवा उघड फायदा दाखवावा लागतो आणि वेळ जातो. तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. नवऱ्याने घर बायकोला दिल्याचं मृत्युपत्र केलं असतं, तर हे काहीच आडवं आलं नसतं. अर्थात ते माझ्याकडून करून घेतलं असतं, तर आईला हयातभर राहण्याचा हक्क देणारं एक कलम मी त्यात घालायला लावलंच असतं.

दुसरं कारण सासूबाईंच्या स्वतःच्या भल्याचं होतं. सून आणि मुलाला बाहेर बसायला सांगितलं. असं बोलणं मी एकांतातच करते. त्यांना ना पेन्शन, ना स्वतःच्या नावावर काही. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

त्यांनी विचारलं, “बाई, आणि मी गेल्यावर माझा चतकोर कुणाचा?”

निम्मा धाकट्या मुलाचा, निम्मा दोन्ही नातवंडांचा. सुनेला त्यातलं काही नाही.

“त्याचं त्याला आहे,” त्या म्हणाल्या. “माझं पोरांना जाऊ दे. पण मी आहे तोवर मला कुणी ऊठ म्हणायचं नाही.”

त्यांना हवं होतं ते मृत्युपत्रातच बसत होतं. हयातीत हिस्सा त्यांचाच, आणि मन बदललं तर मृत्युपत्र कितीदाही बदलता येतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी वय झालेल्या माणसाच्या बाबतीत मी नोंदणीचा आणि डॉक्टरांच्या दाखल्याचा आग्रह धरते. पुढची भांडणं बहुतेक ‘तिला काही कळत नव्हतं’ इथूनच सुरू होतात.

साक्षीदार कोण, हे ठरवताना मी धाकट्याला आत बोलावलं आणि आईच्या तोंडूनच त्याला ऐकू दिलं. या मृत्युपत्राने नुकसान होणार ते त्याचंच. त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर उद्या त्याला हरकत घेणं फार जड जाणार, हेही मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने एकदा वहिनीकडे बघितलं. “द्या पेन,” म्हणाला. दुसरे साक्षीदार त्यांचे डॉक्टर झाले.

एफडीचे पैसे त्याने पुढे चार वारसांच्या खात्यांत हिश्शाप्रमाणे भरले. वहिनीने स्वतःच्या हिश्शातून त्याला धंद्यासाठी काही दिले, ते का आणि किती, हे मी विचारलं नाही. घर विकण्याच्या परवानगीचा अर्ज अजून न्यायालयात आहे. पहिलं गिऱ्हाईक गेलं. हप्ता सध्या सून आणि दीर मिळून भरतात, आणि कुणी किती भरला त्याची नोंद दोघांनी ठेवावी म्हणून मी त्यांना एक वही करायला लावली आहे.