राजापूरच्या पाखाडीवरचा ओटा

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाला, दोन पावत्या एकाच सुतळीत बांधलेल्या सापडल्या. एक जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या कामगार युनियनच्या वर्गणीची, जानेवारी १९३० ची. दुसरी राजापूर म्युनिसिपालिटीची, एप्रिल १९३० ची, घरापुढच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी वाटेच्या रस्त्यावर, ओटा ठेवल्याबद्दलच्या फीची. आजोबा परळच्या वर्कशॉपात फिटर होते. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, गावी येणारा हा चाकरमानी एप्रिलमध्ये राजापुरात ओट्याची फी भरत काय करत होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

एरवी या पावत्या तशाच राहिल्या असत्या. पण माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, घर नव्याने बांधायला निघाला आहे. नकाशा काढणाऱ्याने विचारले की तुमची हद्द भिंतीपाशी संपते की ओट्याच्या कडेला? दादाचे उत्तर ठाम होते, “ओटा आमचाच, नव्वद वर्षं तिथे आहे.” मला ती पावती आठवली आणि मी जानेवारीत चार दिवस काढून राजापूरला गेलो. कोकणातल्या जुन्या गावठाणात ज्यांची घरे आहेत त्यांच्यावर हा प्रश्न आज ना उद्या येणारच, म्हणून सगळे सविस्तर लिहितो.

आधी गाडीचे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस राजापूर रोडला थांबते. ती रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख लागते. रविवारी रात्री घरून निघायचे असेल तर सोमवारचे तिकीट काढा. मी वाराची चूक केली. गुरुवारी रात्री निघालो, शुक्रवारी सकाळी उतरलो आणि हातात कामाचा एकच दिवस उरला. २०२० पासून राज्य सरकारी कार्यालये शनिवारी बंद असतात, हे माहीत असून लक्षात राहिले नाही. त्यापायी मुक्काम सोमवारपर्यंत लांबला. सोमवारी सकाळी पोहोचाल असेच निघा. राजापूर रोड स्टेशन गावापासून बरेच लांब आहे, तेव्हा रिक्षा आदल्या दिवशीच फोनवर ठरवून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि अर्जुना-कोदवलीला पूर आला की जवाहर चौकात पाणी भरते. कागदांच्या कामाला जून ते सप्टेंबर जाऊच नये.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात गेलो. तिथल्या वयस्क कर्मचाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, “सिटी सर्व्हे नंबर?” माझ्याकडे घरपट्टीची पावती होती, पण त्यावर असतो तो नगरपरिषदेचा घर नंबर. तो वेगळा आणि भूमापनाचा नंबर वेगळा. दादाला फोन केला तर तो म्हणाला, “अरे, आधी नंबर काढायचा, मग निघायचं.” शेवटी वाटणीपत्रात नंबर मिळाला. तुम्ही घरूनच महाभूलेखवर मालमत्ता पत्रक पाहून नंबर लिहून घ्या. जोडीला शेजारच्या दोन्ही घरांचे नंबरही घ्या, कारण नकाशावर आपली हद्द शेजाऱ्यांच्या हद्दीवरूनच समजते.

नक्कल मागताना नुसते मालमत्ता पत्रक मागून थांबू नका. चौकशी नोंदवहीचा (भूमापनाच्या वेळी हक्कांची चौकशी करून केलेल्या नोंदींचा) उतारा आणि आपला नंबर ज्यात येतो त्या शीटचा नकाशा, दोन्ही मागा. पत्रकावर क्षेत्रफळ आणि धारकाचे नाव असते. नकाशावर मात्र रेघ कुठून जाते ते दिसते. आमची रेघ भिंतीला चिकटून गेलेली आहे आणि ओटा पूर्ण बाहेर, पाखाडीवर आहे. दादाने टेप लावली तेव्हा सव्वातीन फूट भरले.

इथे जरा थांबून, त्या पाखाडीची जमीन नेमकी कुणाची ते सांगतो. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या ३७ व्या कलमाने सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, त्यांच्या कडेचे चर आणि कुंपणे, पूल, खाड्यांचे आणि नद्यांचे तळ, वाहते पाणी, जे जे कुणाच्या खाजगी मालकीचे नाही ते सारे सरकारचे ठरवले. कुणाचा दावा असेल तर कलेक्टरने चौकशी करायची आणि निकाल विरुद्ध गेला तर वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जायचे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमात हीच रचना जवळजवळ त्याच शब्दांत आली आहे. दुसरीकडे १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्याने सार्वजनिक रस्ते म्युनिसिपालिटीकडे ‘निहित’ केले. मग रस्ता सरकारचा की म्युनिसिपालिटीचा? मदुरेच्या नगरपरिषदेच्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. निहित होणे म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग आणि रस्ता म्हणून वापरायला लागेल तेवढा भाग ताब्यात येणे. खालची माती त्यात येत नाही. म्हणजे झाडलोट, दुरुस्ती, दिवाबत्ती, ओट्याच्या परवानग्या हे सारे म्युनिसिपालिटीने बघायचे आणि जमिनीची मालकी मात्र सरकारकडे.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की एका खिडकीवर काम संपत नाही. नगरपरिषदेत ओट्याची परवानगी किंवा फीची नोंद शोधायची आणि भूमी अभिलेखमध्ये हद्द शोधायची. एकीकडच्या कागदावरून दुसरीकडची मालकी सिद्ध होत नाही.

दादाची नव्वद वर्षे कोर्टात का टिकणार नाहीत, तेही मला सोमवारी एका निवृत्त भूमापकांनी त्यांच्या पडवीत बसवून समजावले. सरकारी जमिनीवर उघडपणे आणि हक्क सांगून दीर्घकाळ कब्जा ठेवला तर कब्जेदाराला बचाव मिळू शकतो. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यात सरकारसाठी ती मुदत साठ वर्षे होती, १९६३ च्या कायद्यात ती तीस झाली. नगरपालिकेच्या रस्त्यांना दोन्ही कायद्यांत तीसच. “पण तुमचे आजोबा फी भरून बसले,” ते भूमापक काका म्हणाले. “परवानगी मागितली त्या दिवशीच जागा आपली नाही हे मान्य झालं. परवानगीचा कब्जा कितीही वर्षं चालला तरी विरोधातला कब्जा होत नाही.” पावती हरवली असती तर दादा निदान भांडू शकला असता. माझ्या मनात तसे एकदा आले. पण ती पावती लपवून बांधलेल्या घरात मला पाणी गोड लागले नसते. दादालाही ते पटायला एक रात्र लागली, पण पटले.

आता युनियनच्या वर्गणीची पावती. माझे खरे मन तिच्यात गुंतले होते.

परतीला मी मुद्दाम दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर धरली. दिवसाची गाडी आहे, वेळ फार खाते, पण लहान लहान स्टेशने नीट बघायला मिळतात. वीर आणि माणगावच्या मध्ये गोरेगाव रोड अशी पाटी येते. तिथून जवळच्या गोरेगावात ५ जून १८७९ ला नारायण मल्हार जोशी जन्मले. ज्या साली जमीन महसूल संहिता झाली त्याच सालचा हा माणूस. मुंबईतल्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. १९२० साली आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) ही कामगार संघांची संघटना स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांची बाजू मांडत होते. मात्र कामगारांनी त्यांना मत देऊन पाठवले नव्हते, सरकारने त्यांना नेमले होते. लाखो गिरणी आणि रेल्वे कामगारांचा आवाज कुणी व्हायचे हे सरकार ठरवणार, अशी ती व्यवस्था होती. त्या नेमणुकीतूनही जोशींनी किती काम रेटले याचे मला मनापासून कौतुक वाटते. १९२१ मध्येच त्यांनी कामगार संघांच्या नोंदणीचा कायदा करा असा ठराव मांडला आणि पाच वर्षांनी, १९२६ साली, तो कायदा झाला. पुढे कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगावरही ते होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ७ कामगारांना मिळाल्या, तेव्हा कुठे निवडून आलेले प्रतिनिधी दिसले.

१९२६ च्या कायद्यात एक मोठी उणीव होती. त्याने संघाला नोंदणी दिली, पण मालकाने संघाला मान्यता द्यावी, त्याच्याशी बोलावे, असे बंधन घातले नाही. आणि आजोबांचा मालक कोण होता? जी.आय.पी. ही आधी लंडनस्थित कंपनी होती, पण १९२५ मध्ये तिचा कारभार थेट सरकारच्या हाती आला. म्हणजे राजापुरात ज्या सरकारच्या जमिनीवर त्यांचा ओटा होता, त्याच सरकारच्या वर्कशॉपात ते परळला पान्हा फिरवत होते. घरी रस्ता म्युनिसिपालिटीकडे निहित पण मालकी सरकारची, आणि कामावर युनियन नोंदलेली पण बोलणी करायची की नाही ही मर्जी सरकारची. दोन्हीकडे हातात कागद होता आणि दोन्हीकडे त्या कागदात अर्धेच काही होते.

फेब्रुवारी १९३० मध्ये जी.आय.पी. च्या कामगारांनी संप केला. मार्चमध्ये तो मोडला, पण संपात गेलेल्या सगळ्यांना लगेच परत घेतले गेले नाही. मीठ सत्याग्रहाचे ते दिवस. मे महिन्यात शिरोड्यालाही मिठागरांवर लोक उतरले. घरातली मोठी माणसे एवढेच सांगायची की “एका उन्हाळ्यात आजोबा घरीच होते आणि तेव्हा त्यांनी ओटा बांधला.” कुठला उन्हाळा, का घरी होते, कुणी विचारले नाही. दोन पावत्या शेजारी ठेवल्यावर ते उलगडले. बिनपगारी घरी बसलेल्या फिटरने जांभ्याचे चिरे आणून पाखाडीवर ओटा रचला आणि तो बेकायदा राहू नये म्हणून म्युनिसिपालिटीत जाऊन फी भरली. पगार बंद असताना भरली. गाडीच्या खिडकीत बसून मी ती पावती पुन्हा पुन्हा पाहिली.

ज्यांच्या घरात असे रेल्वेवाले होऊन गेले, आणि कोकणात ते घरोघरी आहेत, त्यांनी पुढचा शोध मुंबईत घ्यावा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचे पुराभिलेखागार आहे. महसूल, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे अशा विभागांची जुनी बाडे तिथे वर्षवार लावलेली असतात. ओळखपत्र आणि कशासाठी बघायचे आहे याचे पत्र सोबत न्या. गावातल्या जुन्या नोंदी मोडीत निघतात. मोडी येत नसेल तर आधी जाणकार माणूस बघून ठेवा, कारण कार्यालयात बसून कुणी वाचून देणार नाही. शक आणि फसली (महसुली) सालांचे इसवी सनात रूपांतर करताना दोनदा तपासा.

आणखी दोन-तीन गोष्टी. नोंद सापडत नाही असे कुठल्याही कार्यालयात तोंडी ऐकले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या फीवर अभिलेखाची पाहणी मागता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नुसत्या प्रती मागण्यापेक्षा पाहणी मागणे चांगले, कारण आपल्याला काय हवे ते आपल्याच डोळ्यांना ओळखू येते. हद्दीवर वाद असेल तर खाजगी माणसाकडून मोजणी करून भांडू नका, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवा. जुन्या पावत्या लॅमिनेट करू नका, कागद आतल्या आत जळतो. आम्लविरहित कागदात घडी न घालता ठेवा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आमच्या पावतीच्या मागे पेन्सिलने लिहिलेले चिऱ्यांचे हिशेब आहेत, ते मला फोटो मोठा करून पाहिल्यावरच दिसले.

दादाने नकाशा बदलून घेतला. नवी भिंत सव्वातीन फूट आत जाईल आणि ओटा घराच्या हद्दीत येईल. जुने चिरे तो फेकणार नाही, आतल्या ओट्याला तेच लावणार आहे. गवंड्याला त्याने सांगून ठेवले आहे की चिऱ्यांवर नंबर घालून, एकेक करून सोडवायचे. मी पुढच्या आठवड्यात पुराभिलेखात १९३० ची बाडे मागायला जातो आहे.