कोनाड्यातला फोन

आईंचा फोन रोज दिवेलागणीला मान टाकायचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१. दिवसभरात त्यांचे कॉल तीन. सकाळी पुण्याहून वन्संचा, दुपारी वेळ जात नाही म्हणून इथल्याच, ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या मावशींशी गप्पा, आणि रात्री नातीचा व्हिडिओ कॉल. नेमका त्या नातीच्या वेळेला फोन बंद. मग "माझ्यासारखाच झालाय गं हा, संध्याकाळपर्यंत पुरत नाही" म्हणत त्या माझा फोन मागणार, आणि माझ्या फोनवर त्याच वेळी दाल बाजारातले कुणीतरी शेठजी "मॅडम, रिटर्न भर गया क्या?" विचारत असणार.

त्याच घरात आमचे चिरंजीव. गच्चीवरच्या खोलीत दिवसभर क्रिकेट, रील्स, गेम, सगळं चालू. फोन आईंच्याच मॉडेलचा. दिवाळीच्या सेलमध्ये दोन एकदम घेतले होते. रात्री झोपताना याच्याकडे ३० टक्के शिल्लक! हे गणित मला सुटेना. चार-पाच व्यापाऱ्यांचे हिशेब मी घरून बघते. वापर नाही आणि खर्च मात्र पडतोय, म्हणजे कुठलीतरी नोंद आपल्याला दिसत नाहीये, एवढं मला अनुभवाने कळतं.

आधी जे सगळे करतात तेच केलं. महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या एका दुकानात फोन नेला. त्या मुलाने तो हातात घेऊन पाहिला न पाहिला, "आंटीजी, बैटरी बैठ गई है इसकी." १४०० रुपये. नवी बॅटरी टाकून आणली, आणि दुसऱ्या दिवशी फोन सहाऐवजी साडेसहाला मेला. अर्ध्या तासाचे १४०० रुपये!

मग घरातल्या तज्ज्ञांनी सूत्रं हाती घेतली. यांचं ठाम मत, वायफाय बॅटरी खातं. त्यांनी आईंच्या फोनचं वायफाय बंद केलं, ब्लूटूथ बंद केलं, लोकेशन बंद केलं, स्क्रीन इतकी अंधारी केली की आईंना वन्संच्या जागी गॅसवाल्याला फोन लागला. त्या दिवशी फोन साडेचारलाच गेला.

मी जागी झाले ती इथे. खाणारी वस्तू बंद केल्यावर खर्च वाढत असेल, तर ती खाणारी नव्हतीच. ती वाचवत होती.

आमचं घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीसांच्या गोठीत. (गोठ म्हणजे आपला गोट, फौजेचा तळ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचंच शहर झालं. नाव अजून लष्करच.) घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, ग्वाल्हेरच्या दगडाचं. भिंती दोन हात जाड, वर दगडी पट्ट्यांचं छत, आणि त्यावर पुन्हा माडी. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले तरी मधल्या खोलीत माठातल्या पाण्यासारखा गारवा. त्या मधल्या खोलीत देवघर, देवघराशेजारी कोनाडा, आणि कोनाड्यात आईंचा फोन. पूर्वी तिथे समई असायची. "हाताशी असतो, आणि देवाजवळ पडत नाही," हे आईंचं कारण.

चिरंजीवांनी एक जागा दाखवली, जी मला कुणी आधी दाखवायला हवी होती. सेटिंग्जमध्ये शेवटी 'फोनविषयी', त्यात सिमची स्थिती, आणि तिथे सिग्नलचा खरा आकडा. वरच्या त्या चार काड्या म्हणजे दुकानदाराने तोंडी सांगितलेला नफा. हा आकडा म्हणजे वही. तो डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात असतो आणि उणे असतो. उणे ८० च्या आसपास म्हणजे चैन, उणे ११० च्या पुढे गेला की ओढाताण, १२० ला बोलणंच खुंटतं.

फोन हातात धरून मी घरभर फिरले. आईंना वाटलं मी कुणाला व्हिडिओवर घर दाखवतेय, म्हणून त्या पदर सावरून बसल्या. गच्चीवर उणे ७८. ओसरीच्या खिडकीत उणे ९५. कोनाड्यात उणे ११६.

आकडे जवळजवळचे वाटतात, पण ही मोजणी सरळ नाही. दर १० ला सिग्नल दहापट घटतो. म्हणजे गच्ची आणि कोनाडा यांत ३८ चा फरक, आणि ३८ म्हणजे सहा हजारांहून जास्त पट. एका घरात, एका जिन्याच्या अंतराने! मी हे कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं, कारण इतका फरक माझ्या कुठल्याही व्यापाऱ्याच्या वहीत आला असता तर मी झोपलेच नसते.

आता फोनला नुसतं ऐकायचं नसतं, टॉवरला उत्तरही द्यायचं असतं. टॉवर त्याला सारखा सांगत असतो, हळू बोल, ऐकू येतंय. किंवा मोठ्याने बोल. गच्चीवरचा फोन कुजबुजला तरी भागतं. कोनाड्यातला फोन दोन हात दगडातून ओरडतो. ओरडण्यालाही मर्यादा आहे: ४जी फोन साधारण ०.२ वॉटच्या वर आवाज चढवत नाही. तेवढ्याने भागलं नाही की निरोप हळूहळू, पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, म्हणजे तोंड जास्त वेळ उघडं. गच्चीवर क्षणात जाणारा फोटो कोनाड्यातून रखडत जातो, आणि तेवढा वेळ फोन पूर्ण ताकदीने जागा.

आणि सिग्नल अगदीच तुटला तर? तेव्हा फोन शोधायला लागतो. लहरींच्या या पट्टीत बघ, त्या पट्टीत बघ, ४जी नाही तर २जी, २जी मिळालं की पुन्हा ४जी दिसतंय का बघ. ज्यांनी झेलम एक्स्प्रेसने ग्वाल्हेर-पुणे प्रवास केलाय त्यांना हे माहीत आहे. भोपाळपर्यंत फोन ठणठणीत असतो आणि बुधनीच्या घाटातलं जंगल ओलांडून इटारसी येईस्तोवर, हात न लावता, निम्मा. आईंचा फोन घरबसल्या रोज बुधनीचा घाट चढत होता.

मग मी वही घातली. खरीखुरी, लाल बांधणीची. तारीख, रात्री दहाचे टक्के, सकाळी सहाचे टक्के, जागा, सेटिंग. तीन आठवडे.

कोनाडा, सगळं जसं होतं तसं, वायफाय बंद: रात्रीत २९ टक्के गेले. कोणी हात न लावता!
कोनाडा, विमान मोड: २ टक्के. म्हणजे खर्च बॅटरीचा नव्हता, सिग्नलचा होता; ते १४०० पाण्यात गेले हे इथे लेखी झालं.
ओसरीच्या खिडकीत, सेटिंग तीच: ११.
कोनाडाच, पण वायफाय चालू: १७.

वायफायवर घरोघरी अन्याय होतो, म्हणून त्याच्याबद्दल थोडं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक हाळी देतो, मी इथे आहे, अमक्यासाठी निरोप आलाय. फोन एरवी झोपलेला असतो, ठरलेल्या हाळीला एक डोळा उघडतो, आपलं नाव नसलं की पुन्हा झोपतो. आमच्या गल्लीत सकाळी भाजीचा ठेला येतो तेव्हा जशा आम्ही आतूनच ऐकतो, मेथी म्हणाला तर उठायचं, नाहीतर नाही, तसं. राउटर पाच-सात पावलांवर, फोनला ओरडावं लागत नाही. मोबाइल डेटाचं तसं नाही. त्यात एक छोटा निरोप आला तरी निरोप संपल्यावर फोनचा रेडिओ, म्हणजे सिग्नल घेणारा-पाठवणारा भाग, काही सेकंद, कधी दहाएक, जागाच राहतो, आणखी काही येईल म्हणून. आता आठवा, कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सहा ते आठ किती सुप्रभात येतात. प्रत्येक गुलाबाच्या फुलामागे दहा सेकंद जागरण. आमच्या मावशी तर एकेका देवाचा वेगळा फोटो पाठवतात.

म्हणून यांनी वायफाय बंद केलं तेव्हा सगळी फुलं दगडातून यायला लागली. हे मी यांना वहीसकट दाखवलं. ते म्हणाले, "हं." एकोणतीस वर्षांच्या संसारात हा 'हं' म्हणजे बरंच काही आहे.

राउटर पुढच्या खोलीत यांच्या टेबलामागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला होता. तो काढून मधल्या दाराच्या वर फळीवर ठेवला. राउटरची दोन नावं दिसतात, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या नावावर आईंचा फोन जोडला. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान आहे खरं, पण त्याला आमच्या भिंती सोसत नाहीत. वायफाय कॉलिंग सुरू केलं, म्हणजे कॉलही राउटरमधून. हे एक बटण नेटवर्कच्या सेटिंगमध्ये निमूट पडून असतं. आईंना वन्संचा आवाज इतका स्वच्छ आला की त्या म्हणाल्या, "पुण्याहून बोलतेयस ना?"

५जीचं थोडक्यात. आपल्याकडे ते ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. काही ठिकाणी ते ४जीच्या खांद्यावर बसून चालतं, म्हणजे फोनला दोन्हीकडे कान द्यावा लागतो. आणि त्याची जी ३३०० मेगाहर्ट्झच्या वरची पट्टी आहे ती जाड भिंतीपुढे हात टेकते. ५जी दिसलं, धरलं, सुटलं, पुन्हा दिसलं, असा आमच्या मधल्या खोलीत खेळ चालायचा. पसंतीचं नेटवर्क ४जी करून टाकलं. चिरंजीव गच्चीवर ५जीच वापरतात आणि त्यांचं बरोबर आहे; तिथे सिग्नल भरपूर, डाउनलोड पटकन होऊन रेडिओ पुन्हा झोपतो. एकच सेटिंग वरच्या मजल्यावर शहाणपणाचं आणि खालच्या मजल्यावर वेडेपणाचं. त्यामुळे 'बॅटरी वाचवण्याच्या दहा युक्त्या' वगैरे कुणी पाठवलं की मी आता पहिल्यांदा विचारते, बाई, तुझा फोन असतो कुठे?

ब्लूटूथचं काय, विचाराल. एक रात्र चालू, एक रात्र बंद. फरक एक टक्का, तोही माझ्या चष्म्याचा असेल.

हे सगळं करूनही रात्रीचे ९ टक्के जात होते. ठीक होतं, चाललं असतं. पण वही जुळत नसली की मला चैन पडत नाही, आणि अजून एक नोंद राहिली होती, जी मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. दुसरं सिम.

ते मामंजींचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नंबर आईंनी चालू ठेवलाय, रिचार्जची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर एकादशीच्या बरोबरीने लिहिलेली असते. त्या कंपनीचा सिग्नल आमच्या गल्लीत बेताचाच आणि मधल्या खोलीत शून्य. म्हणजे एका फोनमध्ये दोन जण; एक ओरडतोय, आणि दुसरा रात्रभर काळोखात चाचपडतोय. सेटिंगमध्ये ते सिम बंद करायला एक बोट पुरतं. मी एका रात्री करून पाहिलं, आईंना न सांगता. सकाळी ९६. फक्त ४ टक्के गेले होते.

सकाळी आईंनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. वरच्या काड्यांच्या दोन जुड्यांतली एक गायब. टक्क्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "यांचा नंबर दिसत नाहीये."

मी लगेच चालू करून दिला. काय सांगणार होते मी, ५ टक्के?

दोन दिवसांनी माळा आवरताना मामंजींचा जुना बटणांचा फोन सापडला. ते पेन्शनीचा मेसेज वाचायला डोळ्यांपासून हातभर लांब धरायचे, तोच. बॅटरी फुगलेली नव्हती. चार्जरची बारीक पिन शोधायला नई सडकेवर तीन दुकानं फिरले, ८० रुपयांना मिळाली. त्यात ते सिम घातलं आणि फोन माडीच्या खिडकीत ठेवला, कंपू मोहल्ल्याच्या दिशेला. तिथे काड्या भरभरून. इवलासा पडदा, डेटा नाही, फुलं नाहीत, त्यामुळे एकदा चार्ज केला की नऊ-दहा दिवस बघायला नको.

आईंना गुडघ्यांमुळे माडी चढवत नाही. दर रविवारी तो फोन चार्जिंगला लावायचं काम चिरंजीवांचं. परवा दुपारी तो वाजला. कर्ज हवंय का, विचारणारा कुणीतरी होता. पण खाली आईंनी जपाची माळ थांबवली, वर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वाजू दे जरासा."