आसईची लढाई पाहायची असेल, तर पिंपळगावच्या उतारापासून

आसईला गेल्यावर मी थेट गावात शिरलो, ही चूक झाली. इंग्रज आणि मराठे यांच्यातली 23 सप्टेंबर 1803 ची लढाई समजून घ्यायची, तर जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून भोकरदनमार्गे येऊन आधी केळणा नदीकाठचे पिंपळगाव गाठावे.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात होत्या. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी आल्यावर 24 तारखेला हल्ला करायचा, असे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने बदनापुरात ठरवले होते. परंतु मराठी छावणी अपेक्षेहून जवळ निघाल्याने तो एकटाच पुढे सरसावला. जवळपास उतार, म्हणजे नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही, असे वाटाडे सांगत होते. मात्र समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड वसलेली पाहून, मध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, असे त्याने ताडले. वाटाड्यांना उतार ठाऊक नव्हता, की सांगायचा नव्हता, हा प्रश्न काठावर उभे असताना माझी पाठ सोडत नव्हता.

नदी ओलांडताना वेलस्लीजवळच्या एका स्वाराचे मस्तक तोफगोळ्याने उडाले. पलीकडे पोचल्यावर तर खरी कसोटी लागली, कारण शिंद्यांचा सेनापती पोलमन याने नदीकडे तोंड केलेली कवायती पलटणींची रांग झपाट्याने पूर्वेकडे वळवली आणि तिची डावी बाजू आसई गावाला टेकवली. इंग्रजांच्या दोन्ही अंगांना नद्या आणि पाठीशी त्यांचा संगम, अशी कोंडी होती. उजवीकडची तुकडी भरकटून आसईच्या तोफांसमोर गेली, तिच्यामागून गेलेली 74 वी पलटण तेथेच कापली गेली, आणि मेल्याचे सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठून पुन्हा तोफा डागू लागले. इंग्रजांनी 98 तोफा जिंकल्या खऱ्या, पण त्यांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून 1,584 जण कामी आले वा निकामी झाले.

उतारापासून आसईकडे पश्चिमेला चालत जावे. मी दुपारी तीनच्या सुमारास निघालो, तेव्हा ऊन थेट डोळ्यांवर येत होते आणि आडोसा कोठेच नव्हता. सप्टेंबरात काळी माती बुटांना चिकटून पाय जड होतात. नदीला पाणी असेल, तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये. रणभूमी म्हणजे आज लोकांची शेते आहेत, तेव्हा बांधावरूनच चालावे. जुना नकाशा, पिण्याचे पाणी आणि परतीचे वाहन यांची सोय भोकरदनलाच करून ठेवावी.