वजन नॉर्मल आहे, मग इथे कशाला?

खाण्याच्या आजारावरची थेरपी सुरू व्हायला जेवढा वेळ गेला, त्यातला निम्मा एका नोंदणीच्या खिडकीने खाल्ला. तो राग अजून उतरलेला नाही.

त्रास थोडक्यात सांगते. एकटी असले की पोट भरल्यावरही खात सुटायचं, मग उलटी काढायची, दुसऱ्या दिवशी कडक उपास. घरी कुणाला शंका आली नाही, कारण आमच्याकडे संकष्टी, एकादशी, गुरुवार असं सगळं धरणारी मुलगी गुणीच ठरते. ओळखलं दातांच्या डॉक्टरांनी. पुढच्या दातांचं आतल्या बाजूचं कवच झिजलेलं बघून त्यांनी सरळ विचारलं, "उलट्या होतात का?" मग फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोटॅशियम तपासलं, ईसीजी काढला (उलट्यांनी पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वजन कितीही नॉर्मल असो) आणि चिठ्ठी दिली: मानसोपचार विभाग.

पुढे पुण्यातलं एक मोठं खासगी रुग्णालय. "तक्रार काय?" खिडकीतून प्रश्न, मागे खेटून रांग. मी पुटपुटले, "खाण्याचा प्रॉब्लेम आहे." झालं! संगणकात आहारसल्ल्याचा पर्याय निवडला गेला. मी चिठ्ठी पुढे केली तर, "मॅडम, आधी डाएटिशियन, मग त्या पाठवतील." वजनकाटा पॅसेजमध्ये, आकडा मोठ्याने वाचला गेला. मग आत डाएटिशियन, "वजन तर छान आहे हो तुमचं! थोडा कंट्रोल ठेवा." हातात तक्ता: साखर बंद, भात बंद, संध्याकाळी सातनंतर काही नाही. माझं सगळं दुखणं या 'बंद'मध्येच होतं. दिवसभर बंद ठेवायचं आणि रात्री डबे रिकामे करायचे. मानसोपचाराचं विचारलं तर हसून म्हणाल्या, "तुम्ही काय वेड्या आहात का?" पुन्हा खिडकी. आता म्हणे रेफरल नोट हवी. ती द्यायची डाएटिशियनने, आणि त्या रजेवर. फॉलोअपचे पैसे वेगळे. तो तक्ता तंतोतंत पाळला आणि त्या आठवड्यात त्रास दुप्पट झाला.

सुटका झाली ती नव्या चिठ्ठीने. फॅमिली डॉक्टरांनी वैतागून निदानच लिहून दिलं, 'बुलिमिया नर्व्होसा' (अति खाऊन मग उलटी, उपास करण्याचा हाच आजार), खाली ईसीजीचा उल्लेख. खिडकीतल्या मुलीने ते टाइप केलं आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांचं टोकन दिलं. इतकंच लागत होतं! म्हणून सांगते, चिठ्ठीत निदान लिहून घ्या. आणि रांगेत मोठ्याने बोलायचं नसेल तर कागद सरकवा, तोंडी काही सांगू नका.

नंतरचं बरंच सरळ गेलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे सीबीटीसाठी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) पाठवलं. पहिलं काम अगदी साधं वाटलं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, घड्याळ लावून, आदल्या रात्री काहीही झालं असलं तरी. वहीत कॅलरी लिहायच्या नाहीत. काय खाल्लं, कुठे, मनात काय चाललं होतं, एवढंच. उपास सध्या बंद. आई म्हणाली, "आषाढीसुद्धा नाही?" गोळी रिकाम्या पोटी चालत नाही, असं ठोकून दिलं.

सायकॉलॉजिस्ट शोधताना आरसीआयच्या (भारतीय पुनर्वास परिषद, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणारी सरकारी संस्था) यादीत नाव आहे का ते बघा. नुसती 'काउन्सेलर' पाटी कुणीही लावतं. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी गाठा, केस पेपर स्वस्तात निघतो. आणि रात्री फारच वाईट वाटलं तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

विम्याचं म्हणाल, तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला सांगतो. पण माझ्या पॉलिसीत कुठलीच ओपीडी बसत नाही, मग थेरपी तरी कशी बसणार? पावत्या फाइलला लावून ठेवल्यात. नूतनीकरणाच्या वेळी एजंटशी भांडणार आहे.