निवट्यांची पावती

मी एका एजन्सीतर्फे कॉन्ट्रॅक्टवर सर्व्हेचं काम करते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडायची, वाशी-ऐरोली पट्ट्यातल्या कोळीवाड्यांत फिरून फॉर्म भरून घ्यायचे आणि रात्री एक्सेलमध्ये टाकायचे. खाडीत प्रकल्प आला की मासेमारीचं नुकसान कोणाकोणाचं झालं याची यादी लागते. २०२१ मध्ये वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या केसमध्ये हायकोर्टाने मच्छीमारांचा परंपरागत हक्क मानला आणि भरपाईचं धोरण करायला सांगितलं, तेव्हापासून या याद्यांना वजन आलंय. नाव असेल तर पैसे, नसेल तर बसा.

त्या दिवशी समाजमंदिरात कच्ची यादी वाचून दाखवायची होती. वेळ सकाळी साडेनऊ, का तर साहेबांना बारा वाजता ठाण्यात दुसरी मीटिंग. आता त्या दिवशी होती तीज. खाडीवरच्या माणसाला हिशोब तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे तीजेला सव्वादोनच्या आसपास भरती आणि आठ-साडेआठला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मग साडेनऊला हाताने निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या (खेकडे), कालवं काढणाऱ्या बायका कुठे असणार, चिखलात. समाजमंदिरात होते मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, बोटवाले, आणि काही असे की ज्यांची बोट कित्येक वर्षं किनाऱ्यावर उलटी पडलीये पण सोसायटीचा शेअर चालू आहे. यादी वाचली, सगळे खूश, चहा आला.

यादीत या बायका नव्हत्याच, आणि कोणी मुद्दाम गाळलंय असंही नाही. राज्याचा मासेमारी कायदा १९८१ चा, त्यात परवाना मिळतो तो बोटीला. जिच्याकडे बोट नाही तिचा सरकारदरबारी कागदच तयार होत नाही, आणि आमच्या फॉर्मचे कॉलम पण तेच, बोट नंबर, शेअर नंबर, विक्रीची पावती.

साडेअकराला बायका आल्या, टोपल्या घेऊन, पाय चिखलाने भरलेले, कोणीतरी फोन केला असणार. पुढे एक आजी होत्या, त्यांनी मला विचारलं, "आमची नावा नाय का गो यान?" मी साहेबांकडे बघितलं. साहेब तसे चांगले आहेत, आवाज चढवत नाहीत, म्हणाले, "आजी, बोट नाही, जाळं नाही, पावती नाही, मी कशाच्या आधारावर लिहू?"

"पावती पायजे? ही घे पावती," म्हणत आजींनी टोपली टेबलावर उलटी केली. निवटी पाण्याबाहेर बराच वेळ जगते, चिखलावर उड्या मारतच फिरते, त्यामुळे पुढची पाच मिनिटं साहेब, चेअरमन आणि मी फॉर्मांवरून निवट्या पकडत होतो. पोरंटोरं हसून हसून लोळली. एक निवटी साहेबांच्या चहात गेली, हे रिपोर्टमध्ये लिहिता आलं नाही.

हसणं संपलं आणि खरं भांडण सुरू झालं, तेही साहेबांशी नाही, आपसातच. एक बोटवाले म्हणाले, घरटी एक वाटा धरा, नवऱ्याचं नाव आहे ना, मग बायकोचं वेगळं कशाला, रक्कम ठरलेली असली की सगळ्यांचाच वाटा कमी होणार. हे ऐकून माझं डोकंच फिरलं, कारण उलट्या पडलेल्या बोटींची नावं वाचली तेव्हा कोणाला वाटा कमी व्हायची काळजी नव्हती. विधवा बायकांचं काय, असं एकीने विचारलं त्यावर कोणी बोललंच नाही. मी साहेबांना मोबाइलवर दाखवलं की एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या रोममधल्या अन्न आणि शेती संघटनेची, लहान मासेमारीसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ मध्येच आलीत, त्यात बायकांचं काम धरलंय, आणि त्यांच्याच २०२३ च्या अहवालात लहान मासेमारीतल्या दर दहा माणसांत चार बायका आहेत. साहेब म्हणाले, "ते रोमला ठीक आहे हो, आपल्याकडे कॉलम नाही." म्हटलं, कॉलम मी आखते.

आखला. पट्टीने, "हाताने मासेमारी" असा. पुरावा म्हणून एकीसाठी दोघींनी अंगठा किंवा सही द्यायची असं बायकांनीच सुचवलं, चिखलात कोण येतं ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार. भराभर नावं आली. मग मागे उभी असलेली पाड्यावरची एक आदिवासी ताई पुढे आली आणि एकदम गप्प झाल्या सगळ्या. आजीच म्हणाल्या, "ती आमचे गावची नाय." मी विचारलं, पण रोज तुमच्याबरोबर चिंबोऱ्या काढते ना? "काढते," त्या म्हणाल्या, "पन गावची नाय." आजींचा राग आला असं म्हणू शकत नाही, त्यांना आत्ताच कुठे टेबलापर्यंत पोचायला मिळालं होतं, पण बोटवाले मघाशी जे बोलले तेच हे, हेही खरंच. नुकसान खाडीत झालंय, मग खाडीत कोण उतरतं तेच बघायला पाहिजे, असं मला तरी वाटतं. शेवटी एका तरुण वहिनीने तिच्यासाठी सही केली, दुसरी सही मिळाली नाही.

पुरवणी यादी वर गेलीये. त्या ताईचं नाव घातलंय, शेऱ्यात "एकच साक्षीदार, ग्रामस्थांची हरकत" असं लिहावं लागलं, आणि मग त्याच रकान्यात मूळ यादीतल्या कोणकोणत्या बोटी उलट्या पडल्यात तेही लिहून टाकलं. चेअरमन तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात. पुढची बैठक बायकांनी दुपारनंतर मागितलीये, साहेब हो म्हणालेत, घरटी की माणशी ते तिथे ठरायचंय.