वहीतले नंबर

आमच्या मंडळाचा रक्तदात्यांचा मेळावा १ ऑक्टोबरच्या, म्हणजे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनाच्या पुढेमागे येणाऱ्या रविवारी असतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ होतं. त्यानंतर थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या मुलांपैकी कुणाची तरी आई बोलायला उठते, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून घेते.

मागे एक आई शंभर पानी वही घेऊन आली होती. लेकाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. प्रत्येक वेळची तारीख आणि पिशवीचा नंबर तिने लिहून ठेवला होता. म्हणाली, "देणाऱ्यांची नावं कळत नाहीत हो, म्हणून नंबर तरी जपते." तेवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

शिबिर आम्ही मुद्दाम मे महिन्यात घेतो. कॉलेजं बंद, लोक गावी, रक्ताची चणचण तेव्हाच. गणपतीत आरतीला मांडव भरतो, पण मेमधल्या त्या रविवारी त्यातली निम्मी माणसंही फिरकत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. पासष्टी उलटल्यामुळे मला आता रक्त देता येत नाही, म्हणून जास्तच.

मी नोंदणीच्या टेबलावर बसते. शेजारीच हिमोग्लोबिन तपासतात. आमच्या कॉलनीतली एक सून तीन वर्षं साडेबाराच्या खाली भरून परत गेली. लोहाच्या गोळ्या घेऊन चौथ्या वर्षी पुन्हा आली. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तिच्या रक्ताचा थेंब पडला, क्षणभर थबकला आणि सरळ तळाला गेला. थेंब बुडाला, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसं. तिने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. बँकेतल्या नोकरीत मला असं सुख कधी मिळालं नव्हतं.

सकाळी सहाला शाळेचा हॉल उघडून देणारे शिपाईदादा, पैसे न घेता मांडव घालणारे मामा, खाटा उचलणारी तालमीतली पोरं, उपमा आणि लिंबूसरबत करणाऱ्या तिघी वहिनी, रक्तपेढीच्या सिस्टर आणि त्यांचे गाडीवाले भाऊ, फलक रंगवणारे ड्रॉइंगचे सर, या सगळ्यांचं मोठं ऋण आहे. आणि हो, माइकवाले काका! गेल्या अहवालात त्यांचं नाव राहिलं. ते काही बोलले नाहीत, पण मला दोन रात्री झोप लागली नाही.

यंदाच्या मेळाव्याला ती वहीवाली आई लेकाला घेऊन आली होती. तो आता नववीत आहे, पाणी वाटत होता. तिने वही माझ्या हातात दिली. मी मे महिना शोधला. शिबिरानंतर आठव्या दिवशीची एक नोंद होती. लाल पेशी थंडाव्यात ४२ दिवसांपर्यंत टिकतात, म्हणजे ती पिशवी आमच्याकडची असूही शकते. मी चष्मा पुसून तो नंबर पुन्हा वाचला. तेवढ्यात तो पोरगा भांडं पुढे करून म्हणाला, "आजी, पाणी."